बारावी कॉम्प्युटर सायन्स: प्रोग्रामिंगच्या पेपरची आणि प्रॅक्टिकलची तयारी कशी करावी?



बारावी सायन्सला ज्यांनी कॉम्प्युटर सायन्स हा विषय घेतला आहे, त्यांच्यासाठी आजचा लेख आहे. मी परभणी जिल्ह्यात अकरावी-बारावीच्या मुलांना हाच विषय शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपली की दरवर्षी एकच प्रश्न येतो: "सर, प्रोग्राम पाठ करू का?" जिंतूरची मुलं विचारतात, पालमची विचारतात, परभणी शहरातलीही विचारतात.

माझं उत्तर ठरलेलं आहे. पाठ करू नका, हाताने चालवा. म्हणजे वही-पेन घेऊन प्रोग्रामची एकेक ओळ स्वतः चालवून बघा. यासाठी घरी लॅपटॉप लागत नाही, नेट लागत नाही, लाईट गेली तरी काम थांबत नाही. हे नेमकं कसं करायचं ते आपण उदाहरणांसह पाहू.

हा विषय किती मार्कांचा आणि त्यात काय येतं?

राज्य मंडळाचा कॉम्प्युटर सायन्स हा बायफोकल विषय आहे. एकूण २०० मार्क. पेपर १ आणि पेपर २ असे दोन भाग, प्रत्येकाला ५० मार्कांची लेखी परीक्षा आणि ५० मार्कांचं प्रॅक्टिकल. बारावीची बेरीज ६०० मार्कांची असते, म्हणजे तुमच्या टक्केवारीचा एक तृतीयांश हिस्सा या एकट्या विषयाचा आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये गेलेले मार्क इथे भरून निघू शकतात, आणि इथे घसरलात तर टक्केवारी जोरात खाली येते.

अभ्यासक्रमाची विभागणी अशी:

- पेपर १: ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल.
- पेपर २: ८०८५ मायक्रोप्रोसेसर व त्याचं प्रोग्रामिंग, एक्स८६ कुटुंबाची ओळख, ८०५१ मायक्रोकंट्रोलर, नेटवर्किंग.

परभणी जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो. साधारणपणे जानेवारीच्या शेवटापासून प्रॅक्टिकल आणि त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये लेखी परीक्षा, असा क्रम असतो. नेमक्या तारखा त्या वर्षीच्या वेळापत्रकातच बघायच्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

पाठ केलेला प्रोग्राम कुठे फसतो?

प्रश्न जसाच्या तसा आला तर पाठांतर चालून जातं. पण प्रश्नातला एक शब्द बदलला की गाडी अडते. चढत्या क्रमाऐवजी उतरता क्रम. सगळ्यात मोठी संख्या ऐवजी सगळ्यात लहान. १० संख्यांऐवजी १५. ज्याने प्रोग्राम समजून घेतलाय त्याच्यासाठी हा एका चिन्हाचा बदल असतो. ज्याने पाठ केलाय त्याला कोणतं चिन्ह बदलायचं तेच कळत नाही.

दुसरी अडचण अशी की लेखी पेपरमध्ये कंपायलर नसतो. सेमीकोलन राहिला, महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर सांगणारं कुणी नाही. तो कंपायलर तुम्हालाच व्हावं लागतं.

ड्राय रन म्हणजे काय?

प्रोग्राम कॉम्प्युटरवर न चालवता कागदावर चालवणं म्हणजे ड्राय रन. पद्धत साधी आहे:

१. प्रोग्राममध्ये जितके व्हेरिएबल आहेत तितके रकाने वहीत आखा.
२. पहिल्या ओळीपासून सुरुवात करा. ज्या ओळीत किंमत बदलते तिथे जुनी किंमत खोडून नवी लिहा.
३. कंडिशन आली की "खरी" किंवा "खोटी" असं शेजारी लिहा. अंदाज करायचा नाही.
४. स्क्रीनवर काय छापलं जाईल त्यासाठी वेगळी चौकट ठेवा.

उदाहरण म्हणून बबल सॉर्ट घेऊ. समजा मोंढ्यात पाच शेतकऱ्यांचं सोयाबीन आलं, वजन क्विंटलमध्ये: ४२, १७, ३५, ८, २६. चढत्या क्रमाने लावायचं आहे. शेजारच्या दोन संख्या बघायच्या, डावीकडची मोठी असेल तर अदलाबदल करायची.

- सुरुवात: ४२, १७, ३५, ८, २६
- पहिल्या फेरीनंतर: १७, ३५, ८, २६, ४२
- दुसऱ्या फेरीनंतर: १७, ८, २६, ३५, ४२
- तिसऱ्या फेरीनंतर: ८, १७, २६, ३५, ४२
- चौथ्या फेरीनंतर: ८, १७, २६, ३५, ४२ (काहीच बदल नाही)

आता नीट बघा. पहिल्या फेरीत ४२ सरकत सरकत शेवटी गेला. म्हणजे प्रत्येक फेरीनंतर उजवीकडची एक जागा पक्की होते. म्हणूनच आतल्या लूपची मर्यादा दर फेरीला एकने कमी होते. तुलना किती झाल्या? ४ + ३ + २ + १ = १०. अदलाबदल किती? पहिल्या फेरीत ४, दुसऱ्या फेरीत २, तिसऱ्या फेरीत १, एकूण ७.

हे एकदा हाताने केलं की दोन्ही लूपच्या मर्यादा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत, त्या तुम्ही स्वतः काढू शकता. आणि उतरता क्रम विचारला तर? तुलनेतलं > हे चिन्ह < करायचं. बाकी सगळं तसंच.

एका चिन्हाने उत्तर कसं चुकतं? बायनरी सर्चचं उदाहरण

वरचीच लावलेली यादी घ्या: ८, १७, २६, ३५, ४२. जागांचे क्रमांक ० ते ४. आपल्याला ४२ शोधायचा आहे.

- लो ०, हाय ४. मधली जागा २, तिथे २६. ४२ मोठा आहे, म्हणून लो ३.
- लो ३, हाय ४. बेरीज ७, भागिले २. पूर्णांक भागाकारात ३. तिथे ३५. ४२ मोठा आहे, म्हणून लो ४.
- लो ४, हाय ४. मधली जागा ४, तिथे ४२. सापडला.

लूपची कंडिशन "लो <= हाय" अशी असेल तरच तिसरी पायरी होते. "लो < हाय" लिहिलं तर ४ < ४ खोटं ठरतं, लूप संपतो आणि यादीत असलेला ४२ "सापडला नाही" म्हणून छापला जातो. गंमत म्हणजे २६ शोधला असता तर हाच चुकीचा प्रोग्राम बरोबर उत्तर देतो. म्हणून माझा मुलांना नियम आहे: प्रत्येक प्रोग्राम तीन ठिकाणी तपासायचा. मधली किंमत, अगदी शेवटची किंमत, आणि यादीत नसलेली किंमत.

पूर्णांक भागाकाराचंही तसंच. चार विषयांच्या मार्कांची बेरीज २४७ आली, भागिले ४ केलं तर उत्तर ६१.७५. पण दोन्ही संख्या इंट असतील तर सी प्लस प्लस ६१ देतो. पॉइंटनंतरचं सगळं गळून पडतं. उत्तर फ्लोटमध्ये ठेवलं तरी फरक पडत नाही, कारण भागाकार आधीच झालेला असतो. बेरीजच फ्लोटमध्ये ठेवा, किंवा ४ ऐवजी ४.० ने भागा.

लॅबमध्ये चालतो, मोबाईलवर चालत नाही. असं का?

अनेक ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी प्लस प्लस आहे. बोरलँड कंपनीने तो १९९० मध्ये काढला. सी प्लस प्लस भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये. म्हणजे टर्बो हा नियम पक्के होण्याच्या आधीचा कंपायलर आहे. मोबाईलवरची ॲप्स नव्या नियमांनी चालतात. त्यामुळे फरक पडतो तो असा:

- हेडर फाईल: टर्बोत "आयोस्ट्रीम डॉट एच". नव्या कंपायलरमध्ये नुसतं "आयोस्ट्रीम", आणि खाली "युजिंग नेमस्पेस एसटीडी" ही ओळ.
- मेन फंक्शन: टर्बोत "व्हॉइड मेन" चालतं. नव्यात "इंट मेन" लागतं, नाहीतर एरर येते.
- स्क्रीन पुसायचं "सीएलआरएससीआर" आणि शेवटी थांबवायचं "गेटसीएच": हे टर्बोच्या "कॉनिओ डॉट एच" मधले आहेत. मोबाईलवर सहसा काढून टाकावे लागतात.
- इंटचा आकार: टर्बोत इंट १६ बिटचा, सगळ्यात मोठी किंमत ३२७६७. मोबाईलवर बहुतेक ठिकाणी ३२ बिटचा.

शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. फॅक्टोरियलचा प्रोग्राम सगळेच करतात. ७ चं फॅक्टोरियल ५०४०, टर्बोत बरोबर येतं. ८ चं यायला हवं ४०३२०, पण इंट वापरला असेल तर टर्बो दाखवतो उणे २५२१६. प्रोग्रामचं लॉजिक बरोबर आहे, उत्तर त्या डब्यात मावत नाही एवढंच. इंटच्या जागी लाँग लिहा, मग १२ च्या फॅक्टोरियलपर्यंत काळजी नाही. प्रॅक्टिकलला परीक्षक मुद्दाम ८ किंवा १० टाकायला सांगू शकतात.

पेपरमध्ये कोणती पद्धत लिहायची? तुमच्या कॉलेजात जी शिकवली आहे ती. फक्त अर्धी जुनी, अर्धी नवी अशी खिचडी करू नका.

८०८५: इथे फ्लॅग समजले की निम्मं काम झालं

पेपर २ मधल्या प्रोग्रामिंगला मुलं जास्त घाबरतात. खरं तर ८०८५ चे प्रोग्राम छोटे असतात, आणि ड्राय रन इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. रकाने कोणते आखायचे? ॲक्युम्युलेटर, वापरलेले रजिस्टर, एच-एल जोडी, कॅरी फ्लॅग आणि झीरो फ्लॅग. एवढे पुरेत.

तीन जागा अशा आहेत जिथे हमखास मार्क जातात:

१. कॅरी विसरणं. हेक्समध्ये ९८ आणि ७९ यांची बेरीज १११ येते. पण ॲक्युम्युलेटर ८ बिटचा आहे, त्यात फक्त ११ राहतात आणि कॅरी फ्लॅग १ होतो. कॅरी वेगळा साठवला नाही तर उत्तर ११ दिसणार. बेरजेचा प्रोग्राम तपासताना कॅरी येईल अशाच संख्या घ्या.

२. सुरुवातीची किंमत. ब्लॉकमधली सगळ्यात मोठी संख्या शोधताना ॲक्युम्युलेटरमध्ये ०० घेऊन सुरुवात केली तर चालतं. तोच प्रोग्राम सगळ्यात लहान संख्येसाठी वापरला आणि ०० तसंच ठेवलं, तर उत्तर कायम ०० येणार. तिथे एफएफने किंवा ब्लॉकमधल्या पहिल्या संख्येने सुरुवात करा. "सीएमपी एम" ही सूचना ॲक्युम्युलेटर न बदलता तुलना करते. ॲक्युम्युलेटर मेमरीतल्या संख्येपेक्षा लहान असेल तर कॅरी १ होतो. म्हणून मोठी शोधताना "जेएनसी"ने पुढे उडी, लहान शोधताना "जेसी"ने.

३. चुकीच्या सूचनेनंतर फ्लॅग बघणं. "डीसीआर" झाल्यावर झीरो फ्लॅग बदलतो, म्हणून त्यानंतर "जेएनझेड" बरोबर चालतं. पण "आयएनएक्स" आणि "डीसीएक्स" कोणताच फ्लॅग बदलत नाहीत. डीसीएक्सनंतर लगेच जेएनझेड लिहिलं तर ती उडी आधीच्या कुठल्या तरी जुन्या फ्लॅगवर ठरते. लूप थांबलाच नाही, असं बऱ्याचदा यामुळेच होतं.

लॅबमध्ये किट कमी आणि मुलं जास्त, हे बऱ्याच कॉलेजात असतं. "जीएनयूसिम८०८५" नावाचा मोफत सिम्युलेटर विंडोज आणि लिनक्सवर चालतो. त्यात एकेक सूचना चालवून फ्लॅग बदलताना दिसतात. वहीतला तक्ता त्याच्याशी पडताळून बघा.

एचटीएमएल: हे तर मोबाईलवरच होतं

एचटीएमएलसाठी कंपायलर लागत नाही. मोबाईलमधल्या कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये कोड लिहा, फाईलच्या नावाशेवटी डॉट एचटीएमएल लावून सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. नेट नसलं तरी चालतं.

सरावासाठी एक टेबल करा. आपल्या जिल्ह्याचे नऊ तालुके: परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा. पहिल्या रकान्यात "परभणी जिल्हा" असा एकच उभा मोठा कप्पा, त्याचा रोस्पॅन ९. आता पहिल्या रांगेत कप्पे दोन येतील, आणि पुढच्या आठ रांगांत कप्पा एकेकच. तिथेही दोन कप्पे लिहिले तर टेबलला उजवीकडे शेपूट फुटतं. आधी कागदावर चौकटी काढा, प्रत्येक रांगेत किती कप्पे ते शेजारी लिहा, मग टॅग लिहा.

प्रॅक्टिकलच्या दिवशी काय करायचं?

- जर्नल पूर्ण आणि सरांच्या सह्यांसकट तयार ठेवा. आदल्या रात्री सह्यांसाठी धावपळ नको.
- स्लिप मिळाली की थेट कीबोर्डला हात लावू नका. आधी कागदावर प्रोग्राम लिहा, छोट्या आकड्यांवर एक ड्राय रन करा.
- टर्बोत टाईप झालं की एफ२ दाबून सेव्ह करा, मगच कंट्रोल आणि एफ९ दाबून चालवा. मध्येच लाईट गेली तर सेव्ह केलेलंच वाचतं.
- आउटपुट स्क्रीन झटकन निघून गेली तर ऑल्ट आणि एफ५. लूप थांबत नसेल तर कंट्रोल आणि ब्रेक.
- उत्तर चुकतंय पण कारण सापडत नाही? एफ७ दाबत एकेक ओळ चालवा. हा मशीनवरचा ड्राय रनच आहे.
- एरर आली की घाबरू नका. "स्टेटमेंट मिसिंग" म्हणजे बहुतेक सेमीकोलन राहिला. दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळही बघा. "अनडिफाइन्ड सिंबॉल" म्हणजे व्हेरिएबल जाहीर केलेलं नाही किंवा स्पेलिंग चुकलंय. "कंपाउंड स्टेटमेंट मिसिंग" म्हणजे महिरपी कंस बंद केलेला नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षक सहसा तुमच्याच प्रोग्रामवर बोट ठेवतात: "ही ओळ काढली तर काय होईल?", "इथे <= का?" ज्याने तक्ता काढलाय तो उत्तर देऊ शकतो. ज्याने पाठ केलंय तो वर बघत बसतो. उत्तर मराठी-इंग्रजी मिसळून दिलं तरी हरकत नाही, पण उत्तर सरळ द्या.

शेवटच्या सहा आठवड्यांचं नियोजन

- आठवडा १: लूपचे प्रोग्राम. फॅक्टोरियल, फिबोनाची, मूळ संख्या, मसावि. रोज दोन, तक्त्यासह.
- आठवडा २: ॲरे आणि स्ट्रिंग. बबल सॉर्ट, बायनरी सर्च, शब्द उलटा करणं, स्वर मोजणं.
- आठवडा ३: क्लास, कन्स्ट्रक्टर, इनहेरिटन्स, ऑपरेटर ओव्हरलोडिंग. इथे "कोणतं फंक्शन आधी चालेल" याचा क्रम लिहून काढा.
- आठवडा ४: ८०८५. बेरीज, ब्लॉक हलवणं, मोठी-लहान संख्या, वारंवार बेरजेने गुणाकार.
- आठवडा ५: एचटीएमएल आणि डेटा स्ट्रक्चर. स्टॅकमध्ये पुश-पॉप आणि ट्रीच्या आकृत्या हाताने.
- आठवडा ६: जुने पेपर, घड्याळ लावून. कोऱ्या कागदावर, पुस्तक बंद.

रोज दीड तास दिला तरी हे होतं. एक अट पाळा: काल सोडवलेला एक प्रोग्राम आज कोऱ्या कागदावर पुन्हा लिहायचा. अडलात तर पुस्तक उघडू नका, तक्ता काढा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी लॅपटॉप नाही. मागे पडेन का?
नाही. लेखी परीक्षा कागदावरच आहे. मोबाईलवर "सीएक्सएक्सड्रॉइड"सारखं नेटशिवाय चालणारं ॲप घेतलं तर सी प्लस प्लसचा सरावही होतो. मात्र लॅबचा तास बुडवू नका, टायपिंगचा हात तिथेच बसतो.

इंग्रजी कच्चं आहे, जमेल का?
सी प्लस प्लसमधले नेहमी लागणारे शब्द थोडेच आहेत. त्यांचं स्पेलिंग पक्कं करा. लॉजिकचा विचार मराठीतच करा, पायऱ्या मराठीत लिहा, मग कोडमध्ये उतरवा.

टर्बो आणि ८०८५ इतके जुने आहेत, शिकून उपयोग काय?
८०८५ इंटेलने १९७६ मध्ये आणला, हे खरं. पण लूप, ॲरे, फंक्शन, क्लास पुढे पायथनमध्ये भेटतील, जावामध्ये भेटतील. फ्लॅग आणि रजिस्टर आजच्या मोबाईलच्या प्रोसेसरमध्येही आहेत. साधन जुनं असलं तरी विचार करायची पद्धत तीच आहे.

प्रोग्राम पूर्ण आठवत नसेल तर?
कोरं सोडू नका. हेडर, मेन, व्हेरिएबल, इनपुट घेणं एवढं तरी लिहा. लिहिता लिहिता पुढचं सुचतं, तक्ता काढायची सवय असेल तर नक्कीच.

लेखी पेपर ३ तासांचा आणि ५० मार्कांचा आहे, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम एकदा तपासायला वेळ मिळतो. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्चं काम म्हणून चार रकाने आखा आणि दोन-तीन आकडे चालवून बघा. पाच मिनिटं जातात, पण सापडलेली एक चूक तेवढ्याची भरपाई करून देते.